चार कॉटची खोली

मोठ्या हॉटेलचं खरं तोंड मागच्या फाटकाला असतं. समोरच्या काचेच्या दारात फेटेवाला माणूस वाकून नमस्कार घालतो, तो मागच्या सीटवर बसलेल्यांना. पुढच्या सीटवरच्याला तोच माणूस हातानं "पुढं, पुढं" करतो, आणि मागच्या फाटकाचा पहारेकरी विचारतो, "ड्रायव्हर का? मग इथं कशाला थांबलात?" सात वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. त्यामुळं हॉटेलांबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं माझं मत आहे, आणि ते मी पत्रकात छापून वाटलेलंही आहे.

मी शमीम. गाव मेढा, राहणं साताऱ्यात. अब्बांची मेढा-सातारा वडापची जीप होती. वडाप म्हणजे एसटी यायच्या आत स्टँडबाहेरून माणसं कोंबून न्यायची. त्या जीपवर मी गाडी शिकले. आता माझी स्वतःची पिवळ्या पाटीची सात सीटची गाडी आहे. बाई ड्रायव्हर आहे म्हणून बायका निर्धास्त बसतात, आणि बाई ड्रायव्हर आहे म्हणूनच त्यांचे नवरे खंबाटकीच्या घाटात डोळे मिटत नाहीत.

गिऱ्हाइकं मला नुसती गाडी विचारत नाहीत, हॉटेलही विचारतात. त्यात एकेक नमुने. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी आहेत. खोलीत सामान जायच्या आधी ते खाली डाळ मागवतात, बोट बुडवून पांढऱ्या नॅपकिनला पुसतात आणि डाग उजेडात धरून बघतात. "भेसळ हाय. चल गं, बॅगा काढ." एकदा त्यांच्यापायी एका दुपारी तीन हॉटेलं बदलली; चौथ्यात डाळच नव्हती, तेव्हा कुठं टेकले. दुसरं एक जोडपं. मुलगा पाचगणीला बोर्डिंगात. भेटीची वेळ संपली की त्यांना अशी खोली लागायची जिच्या खिडकीतून शाळेचं छप्पर दिसतं. गरम पाणी आहे का, जेवण कसं आहे, काही विचारायचे नाहीत. छप्पर दिसतंय का, एवढंच.

माझी स्वतःची पारख सोपी आहे. आधी लॉन कुठं आहे ते बघायचं. लॉन म्हणजे लग्न, लग्न म्हणजे डीजे. खोली लॉनच्या डोक्यावर असेल तर नुसती गादी मऊ असून काय करायचं? मग फोन करून विचारायचं, त्या तारखेला खाली कार्य आहे का. हे मी अनोळखी गिऱ्हाइकालाही पहिल्या फोनवर सांगते. आमच्या धंद्याचा तो साधा धर्म आहे.

आणि मग माझा दुसरा सवाल असतो: ड्रायव्हर कुठं झोपतो? ज्या हॉटेलात पाहुण्यांच्या कुत्र्याला गादी मिळते, तिथं पाच तास गाडी हाकून आलेला माणूस सीट मागं पाडून झोपतो. बाई ड्रायव्हर असली तर तिला सीटही नीट मागं पाडता येत नाही, कारण काचेतून बघणारे असतात. संडासाचं विचारलं की "स्टाफचा आहे" म्हणतात. सातारा-सांगलीच्या आम्ही बारा जणी एकत्र आलो, मी चिटणीस झाले आणि पत्रकं काढली. हॉटेलांच्या मॅनेजरांनी ती वाचली की नाही ठाऊक नाही, पण मी समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्यामुळं ऐकली तरी.

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलनं शेवटी मान्य केलं. मागच्या बाजूला, धुलाईघराच्या पलीकडं, महिला चालकांसाठी खोली. चार कॉट, पांढऱ्या चादरी, आतून कडी, गरम पाणी. मॅनेजरला उद्या निमित्त मिळू नये म्हणून अट मीच लिहून दिली होती: कोणत्याही कारणानं पुरुष आत आला तर खोली बंद करावी. पत्रकात ती ठळक छापली. पहिल्या दिवशी आम्ही चौघी नुसत्या कॉटवर बसून हसत होतो.

आता शीतलचं सांगते.

शीतल आणि मी मेढ्याच्या शाळेत एका बाकावर. माझी गणितं बघून तिनं पाचवी ते दहावी काढली. पुढं तिला पलूसच्या बाजूला ऊसवाल्या घरात दिली. नवरा प्रकाश, फौजेत हवालदार. वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला.

"शमे, माझा वाढदिवस हाय एक तारखेला. तीस पुरी. ह्यांनी पुण्यात दोन दिस मोठ्या हाटेलात ऱ्हायचं ठरिवलंय. तुझीच गाडी."

"एक जून तुझा वाढदिवस न्हवं, गुरुजींचा हाय," मी म्हणाले.

आमच्याकडं पोराची जन्मतारीख घरच्यांना धड ठाऊक नसायची. 'आखाडात झाली', 'बेंदराच्या आदल्या दिवशी झाली', असा हिशेब. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहायचे. माझ्याही दाखल्यावर एक जूनच आहे.

"आगं व्हय की! तुझाबी हाय!"

"आपल्या वर्गात बावीस जणांचा हाय. सगळ्यांना न्या म्हणावं दाजींना."

ती खळखळून हसली. मी हसले नाही. ती पुढं सांगत राहिली. प्रकाशदाजींच्या चौकीवर मोबाइलला रेंज नाही, एका दगडावर उभं राहिलं तर थोडी येते. महिनाभर ते त्या दगडावर उभे राहून हॉटेलांचे फोटो बघत होते आणि आवडलेले तिला पाठवत होते. "ते म्हणत्यात, शमीमताईला इचार, तिला आतलं म्हाईत असतंय."

"तुला काय पायजे हाटेलात? पोहायचा तलाव? मसाज?"

"शांतता." तिचा आवाज एकदम खाली आला, मागं कुणीतरी आलं असावं. "दार लावलं की लागलं पायजे. आन् धा मिनटांनी 'शीतल' म्हणून कुणी हाक मारू नये. ह्यांची पुढची पोस्टिंग फॅमिली क्वार्टरची हाय, शमे. मला संगं जायचंय. घरात बोलायची सोय न्हाई, आत्याबाईंचे कान लय तिखट. आन् हे पयल्यांदा न्हाईच म्हणणार. हळूच सांगाय लागतंय त्यांना. ही सुट्टी गेली की पुढची सात महिन्यांनी, तवर क्वार्टरचं नाव कटंल."

म्हणजे तिला काय पाहिजे होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस, एक बंद दार, आणि एवढी शांतता की हळू आवाजात बोललेलं समोरच्याला ऐकू यावं.

फोन ठेवल्यावर मला जे वाटलं त्याला हेवा म्हणतात. मी तेव्हा तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, बघा, ऊसवाल्यांची चैन बघा. मला हॉटेलचं अप्रूप नव्हतं. तीसेक हॉटेलं मी मागून बघितली आहेत. मला तो दगड टोचत होता. माझ्यासाठी कुणी दगडावर उभं राहून काही शोधलंय असं आजवर झालेलं नाही. शोधायचं काम कायम माझ्याकडं. आणि माझी गणितं बघून पास झालेल्या पोरीसाठी, तेही गुरुजींनी फुकट दिलेल्या तारखेला, एक माणूस महिनाभर त्या दगडावर उभा!

दाजींनी पाठवलेल्या हॉटेलांतली दोन चांगली होती. एक गल्लीच्या टोकाला, जुन्या झाडांत, लॉनच नाही. तिथं ड्रायव्हरला आत घेत नाहीत, गाडी रस्त्यावर. दुसरं आमचं, चार कॉटच्या खोलीचं. मी धर्माप्रमाणं या दुसऱ्या हॉटेलला फोन केला. तिथल्या मुलीनं सांगितलं, एक तारखेला लॉनवर लग्न आहे, दुपारपासून संगीत, संध्याकाळी वरात, हॉटेल जवळजवळ भरलेलं आहे.

मी शीतलला फोन केला आणि हेच दुसरं हॉटेल सुचवलं.

"झाडातलं चांगलं न्हाई व्हय गं? ह्यांना ते लय आवडलंवतं."

"तिथं ड्रायव्हरला माणूस समजत न्हाईत. असल्यांच्या दारात तू जाणार?"

"न्हाई बाई. तू म्हणशील तिथं," ती लगेच म्हणाली.

ती भांडली असती तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ते खोटं आहे. लग्नाचं मी मुद्दाम लपवलं, आणि वर तत्त्वाची चादर घातली. पत्रकं लिहून लिहून एक वाईट सवय लागते: मनातली कसलीही खोड तत्त्वाच्या भाषेत लिहिता येते.

एक तारखेला सकाळी पलूसला पोचले. तिची सासू, जिला ती आत्याबाई म्हणते, ती अंगणातच उभी होती. "दोन दिस कसलं हाटेल गं बाई! हितं काय छप्पर गळतंय व्हय?" मग माझ्याकडं वळून, "बेगीन आणा तिला. म्हशी तिच्याबिगर धार देत न्हाईत."

"म्हशीला फोन लावून देतो की, आई," दाजी म्हणाले.

"लाव. तुझ्यापरीस ती जास्त बोलंल."

कराडच्या पुढं पंपावर शीतल पिशवी घेऊन उतरली आणि साडी बदलून जीन्स आणि लांब कुर्ता घालून आली. दोन्ही हात बाजूला धरून उभी राहिली. "कशी दिसते गं?"

ती सुरेख दिसत होती. "बरी हायस," मी म्हणाले. दाजी मात्र नुसते बघत राहिले, आणि मी आरसा उगाच वर-खाली करत बसले.

हॉटेलच्या फाटकावर पहारेकऱ्यानं माझं लायसन घेतलं, वहीत उतरवताना थबकला. "ताई, आज तुमचा बर्थडे?" "हो." "अरे वा," तो म्हणाला, "गाडी तळघरात, दोन नंबर." पोर्चमध्ये वऱ्हाडाच्या गाड्या, फेटे, बँडवाले. शीतलनं काच खाली केली आणि ढोलाचा दणका गाडीत शिरला. ती माझ्याकडं वळली. "शमे, लग्न हाय व्हय गं हितं?"

"असंल," मी म्हणाले. "जूनचे मुहूर्त असत्यात."

त्यांना खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर, बरोबर लॉनच्या डोक्यावर. बदलून मागितली, पण सगळ्या वऱ्हाडानं भरलेल्या. मी मागं माझ्या खोलीत गेले. त्या दिवशी आमच्यातलं दुसरं कुणी नव्हतं. धुलाईघराच्या भिंतीपलीकडं डीजेचा आवाज येतच नव्हता. मी गरम पाण्यानं अंघोळ केली, पांढऱ्या चादरीवर आडवी झाले आणि स्वतःला म्हणाले, घे, तुझा बी वाढदिवस. झोप लागली नाही.

सातच्या सुमाराला दार वाजलं. शीतल. डोळे लाल, केस विस्कटलेले. आत आली आणि कॉटवर बसली. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली.

"हितं किती शांत हाय गं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. "मी म्हनलं, 'मला तुमच्यासंगं यायचंय.' ते म्हनले, 'काय?' परत म्हनलं. परत 'काय?' त्या डीजेनं काचा थरथराय लागल्या. तिसऱ्यांदा मी वरडून म्हनलं. ते म्हनले, 'नवऱ्यावर वरडाय कुणी शिकिवलं तुला?' मग मी म्हनलं, 'तुमच्या आईनं.' झालं. मग आईवर गेलं, म्हशीवर गेलं, माझ्या जीन्सवर गेलं. क्वार्टरचं ऱ्हायलंच. आता ते म्हणत्यात, सकाळी परत जाऊ."

हळू बोलायची गोष्ट तिला ओरडून बोलावी लागली होती. ओरडून मागितलेलं काहीही भांडणासारखंच वाटतं. मी तर आयुष्यभर ओरडूनच मागत आले आहे, मला ते ठाऊक नसेल तर कुणाला?

मी विचार केला तो फार वेळ नाही. तळघरात गाडी होती, पण तिथं पन्नास ड्रायव्हर आणि बँडवाले जेवायला बसलेले. रस्त्यावर वरात. "दाजींना हितं बोलव," मी म्हणाले.

"आगं, दारावर पाटी हाय, पुरुषांना—"

"पाटी मीच लावलीय. बोलव."

दाजी आले. चेहरा दगडासारखा. दाराशी थांबले, खाली वाकले, नाड्या सोडल्या, आणि फौजी पॉलिश केलेले ते बूट उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून ठेवले. परक्या बाईच्या खोलीत बूट घालून कसं जायचं? आमच्याकडच्या माणसाला ते जमतच नाही. मीही त्यांना अडवलं नाही, कारण मलाही त्यात वावगं दिसलं नाही. दार लागलं, आतून कडीचा आवाज आला, आणि मी पायरीवर जाऊन बसले.

आतलं काही ऐकू येत नव्हतं. मधे एकदा शीतलच्या हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मी भिंतीकडं बघत होते. मला वाटलं होतं, आता तरी हेवा जाईल. गेला नाही. दार धरून बसलेल्या माणसाला तो उलट जास्तच होतो.

तासाभरानं धुलाईच्या सुपरवायझर बाई टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आल्या. बुटांपाशी थांबल्या.

"हे कुणाचे?"

"माझे," मी म्हणाले.

त्यांनी बुटांकडं बघितलं. मग माझ्या चपलांकडं. मग पुन्हा बुटांकडं. "दहा नंबर?" त्या एवढंच म्हणाल्या, आणि टॉवेल न देताच परत गेल्या.

दोघं बाहेर आली तेव्हा दाजी बूट घालत म्हणाले, "ताई, क्वार्टरला एक मोठी ट्रंक बरी का दोन बारक्या?" शीतल त्यांच्या मागं उभी होती आणि तिचं सगळं तोंड फुललं होतं. मी म्हणाले, "दोन. उचलाय बऱ्या." आणि मला इतकं वाईट वाटलं की मी गाडी पुसायचं निमित्त काढून तळघरात गेले.

आठवड्यात हॉटेलचं पत्र आलं. अटीचा भंग झाल्यामुळं खोली बंद. पत्रात माझंच वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

कराडला आम्हा बारा जणींची बैठक झाली. मी खुलासा लिहून नेला होता, दोन पानी: आपत्कालीन परिस्थिती, मानवी दृष्टिकोन वगैरे. सुनंदाक्का आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, मिरजेच्या. त्यांनी कागद हातातनं काढून घेतला. "त्वांडानं सांग. तसलं हाटेल तू मैत्रिणीला का दिलंस? त्या तारखेला लग्न हाय का, हे इचारलं न्हवतंस?"

"इचारलंवतं."

"मग?"

मी सगळं सांगितलं. दगडाचंसुद्धा. शेवटी सुनंदाक्का म्हणाल्या, "म्हंजे तुला मैत्रिणीचा हेवा वाटला, म्हणून आमी परत गाडीत झोपायचं व्हय गं?"

मी त्यांच्या हातातला खुलासा घेतला आणि फाडला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले. पत्रक नेलं नाही. मॅनेजरला सांगितलं, "अट बरोबर हाय. मोडली मी एकटीनं. बाकीच्या अकरा जणींनी काय केलंय?" त्यांनी विचारलं, पुन्हा होणार नाही याची हमी काय? मी म्हणाले, "मला आत घेऊ नका." मी एवढ्या कमी शब्दांत कधी बोलले नव्हते. मग त्यांनी रजिस्टर काढलं. खोली अकरा जणींसाठी पुन्हा उघडण्यात येत आहे, शमीम यांना प्रवेश नाही, असं लिहिलं. मी खाली सही केली. आमच्या चळवळीच्या विजयांत हा धरायचा की नाही, यावर अजून एकमत नाही.

शीतलला मी नंतर फोनवर खरं सांगितलं. ती तोवर क्वार्टरला पोचली होती.

"मग त्या दिवशी दार धरून का बसलीस?"

"लाज वाटली म्हणून."

"मला वाटलं, मैत्रीण म्हणून," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही. तिचे फोटो मी स्टेटसला बघते: दोन खुर्च्या, एक कुंडी, दोन बारक्या ट्रंका एकावर एक ठेवून केलेलं टेबल. मी बघितलं हे तिला दिसतं. तिनं अजून मला बंद केलेलं नाही.

परवा मी आणि सुनंदाक्का दोघीही गिऱ्हाइकं घेऊन त्याच हॉटेलला होतो. त्या आत झोपल्या, मी बाहेर रस्त्यावर गाडीत. सकाळी त्या केस झटकत फाटकातून आल्या, अंगाला साबणाचा वास, चेहरा टवटवीत. माझी मान आखडलेली.

"लय भारी पाणी हाय गं आत," त्या म्हणाल्या.

"आक्का, मला तुमचा हेवा वाटतोय," मी म्हणाले.

"वाटणारच," सुनंदाक्का म्हणाल्या, आणि ओला टॉवेल माझ्या गाडीच्या बॉनेटवर वाळत टाकून आपली गाडी पुसायला गेल्या.